चित्र पाहताना डोळे कोठे जातात?

चित्रप्रदर्शनातून बाहेर पडताना ‘आपल्याला बुवा चित्रातले काही कळत नाही’ असे म्हणणारी माणसे पुष्कळ भेटतात. चित्र कळणे ही उपजत देणगी आहे आणि ती एखाद्यालाच लाभते, असा समज या उद्गारामागे असतो. त्याच्याही मागे आणखी एक समज असतो, तो असा की, चित्र सर्वांना सारखेच दिसते आणि फरक पडतो तो फक्त नंतर अर्थ लावताना. दृष्टिविज्ञानातील संशोधन या दोन्ही समजांच्या विरोधात जाते. एकाच चित्रासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांचे डोळे त्यातून वेगवेगळा मजकूर टिपत असतात, आणि काय टिपावे हे बऱ्याच अंशी शिकता येते.

शाळेत आपण डोळ्याला कॅमेऱ्याची उपमा देतो. भिंग आणि त्यामागचा पडदा एवढ्यापुरती ती बरोबर आहे, पण त्यापुढे ती दिशाभूल करते. कॅमेऱ्याचा संवेदक कडेपासून कडेपर्यंत सारखाच तपशील टिपतो, डोळ्यातला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, तसे करत नाही. त्याच्या मध्यभागी सुमारे दीड मिलिमीटर रुंदीचा एक लहानसा खळगा असतो, त्याला फोव्हिया म्हणतात. तेथे रंग व बारकावे ओळखणाऱ्या शंकुपेशी अत्यंत दाटीने बसलेल्या असतात, आणि त्यांच्यावर पडणारा प्रकाश अडू नये म्हणून खळग्याच्या मध्यावरून रक्तवाहिन्याही बाजूला झालेल्या असतात. हात पूर्ण लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहावे. साधारण तेवढाच भाग एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो. त्याच्या बाहेर स्पष्टता झपाट्याने घसरते. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींहून अधिक असल्या, तरी डोळ्यातून मेंदूकडे जाणारे चेतातंतू जेमतेम दहा-बारा लाख असतात. फोव्हियातील शंकुपेशींचा संदेश जवळजवळ स्वतंत्रपणे पुढे जातो, तर कडेच्या भागातील शेकडो पेशींना मिळून एकच तंतू वाट्याला येतो. मेंदूच्या मागील भागात डोळ्यांकडून आलेली माहिती प्रथम हाताळणारे जे प्राथमिक दृष्टिक्षेत्र आहे, त्याचा निम्म्याच्या आसपास भाग दृष्टीच्या मधल्या दहा अंशांसाठीच राखलेला असतो.

आता समोर दोन मीटर रुंदीचे चित्र असेल आणि त्यातला नखाएवढाच भाग एका वेळी नीट दिसत असेल, तर उरलेल्या चित्राचे काय? त्यासाठी डोळा उड्या मारतो. या उड्यांना सॅकाड असे म्हणतात. एका सेकंदात साधारण तीन उड्या होतात, त्यांचा वेग सेकंदाला काही शे अंश इतका असतो, आणि दोन उड्यांच्या मध्ये डोळा पाव सेकंदाच्या आसपास स्थिर राहतो. जी माहिती मिळते ती या विरामातच मिळते. उडी चालू असताना मेंदू दृष्टीची संवेदनक्षमता कमी करतो, म्हणून जग भरकन सरकल्यासारखे वाटत नाही. आरशासमोर उभे राहून आपल्या एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे नजर न्यावी. स्वतःचे डोळे हललेले कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते हलताना स्पष्ट दिसतात.

मला या सर्व यंत्रणेतील सर्वांत विलक्षण भाग वाटतो तो पुढची उडी कोठे मारायची हे ठरवण्याचा. कडेच्या अंधुक दृष्टीतून आलेल्या माहितीवर मेंदूतील काही केंद्रे अग्रक्रमाचा जणू एक नकाशा तयार करतात. या नकाशावर दोन बाजूंनी ओढ असते. ठळक कड, छायाप्रकाशातील तीव्र विरोध, चेहरा, अक्षरे या गोष्टी चित्राकडून नजर ओढतात; आणि पाहणारा काय शोधतो आहे, त्याला आधीपासून काय माहीत आहे, या गोष्टी मनाकडून ओढतात. ज्या जागेचे पारडे जड ठरते तेथे डोळा जातो, आणि नुकत्याच पाहून झालेल्या जागेचे वजन थोड्या वेळापुरते उतरते. हा निर्णय सेकंदाला तीनदा होतो, आणि बहुतेक वेळा त्याची आपल्याला जाणीवही नसते.

मनाची ओढ किती बलवान असते हे रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी दाखवून दिले. १९६५ साली रशियन भाषेत प्रसिद्ध झालेल्या आणि १९६७ साली इंग्रजीत आलेल्या त्यांच्या ग्रंथात या प्रयोगांचे वर्णन आहे. प्रेक्षकाचा डोळा औषधाने बधिर करून, पापण्या चिकटपट्टीने उघड्या ठेवून, बुबुळाशेजारी पोकळीच्या ओढीने चिकटणारी एक चिमुकली टोपी ते बसवत. टोपीवर इवलासा आरसा असे, आणि आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशझोत संवेदनशील कागदावर डोळ्याची प्रत्येक उडी रेखाटत असे. पाहायला दिलेले चित्र होते रशियन चित्रकार इल्या रेपिन यांचे ‘अनपेक्षित’ आगमनाचे. झिजलेला ओव्हरकोट घातलेला एक कृश माणूस दिवाणखान्यात येऊन उभा आहे, काळ्या वस्त्रातील एक वृद्धा खुर्चीतून उठली आहे, पियानोशी बसलेली स्त्री वळून पाहते आहे, टेबलाशी दोन मुले आहेत आणि दाराशी मोलकरीण आहे.

यार्बुस यांनी एकाच प्रेक्षकाला हे चित्र प्रत्येक वेळी तीन मिनिटे, पण निरनिराळे प्रश्न देऊन दाखवले. माणसांची वये विचारली तेव्हा नजर चेहऱ्यांवरच फिरत राहिली. कपडे लक्षात ठेवायला सांगितले तेव्हा ती अंगावरून खाली-वर फिरली. कुटुंबाची आर्थिक स्थिती विचारली तेव्हा ती खोलीतल्या वस्तूंवर गेली. आलेला माणूस किती काळ दूर होता असे विचारल्यावर मात्र ती त्याच्या आणि घरच्यांच्या चेहऱ्यांमध्ये येरझाऱ्या घालू लागली. पुढे इतर संशोधकांनी आधुनिक उपकरणांनी, अधिक प्रेक्षकांवर हा प्रयोग करून पाहिला आणि त्याचा मूळ निष्कर्ष टिकला: प्रश्न बदलला की नजरेचा मार्ग बदलतो.

नुसत्या प्रश्नाने मात्र भागत नाही. रेपिन यांच्या चित्रातील भिंतीवर लहान तसबिरी आहेत. त्यांत शेवचेन्को आणि नेक्रासोव हे राजसत्तेवर टीका करणारे कवी आहेत, ख्रिस्ताच्या वधस्थानाचे दृश्य आहे, आणि १८८१ साली ज्याची हत्या झाली तो रशियाचा झार (सम्राट) दुसरा अलेक्झांडर मृत्युशय्येवर आहे. ही माहिती असलेला प्रेक्षक भिंतीवर थांबतो, आणि हे राजकीय विचारांचे घर आहे व आलेला माणूस हद्दपारीतून परतला आहे, हे त्याला उमगते. ज्याला ही माहिती नाही, त्याच्या नकाशावर त्या तसबिरींना वजनच मिळत नाही.

येथे एका लोकप्रिय दाव्याबद्दल स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. चित्रावर सुवर्ण गुणोत्तराचे (सुमारे १.६१८ : १ या प्रमाणावर बेतलेले) सर्पिल काढून ‘प्रेक्षकाची नजर या वक्ररेषेवरून फिरते’ असे सांगणाऱ्या आकृत्या सर्वत्र आढळतात. स्थिर चित्रावर डोळा वक्ररेषेने सरकत नाही, तो उड्या मारतो. अमेरिकी संशोधक गाय थॉमस बसवेल यांच्या १९३५ साली शिकागो येथे प्रसिद्ध झालेल्या नोंदींतही हेच दिसते. झाडाच्या खोडात किंवा भिंतीच्या ओलीत देवाचा चेहरा प्रकटल्याच्या बातम्यांचे मूळही याच यंत्रणेत आहे. चेहऱ्यासारख्या कोणत्याही आकाराला मेंदू मोठे वजन देतो. नासाच्या व्हायकिंग-१ यानाने १९७६ साली मंगळावरील एका टेकडीचे छायाचित्र घेतले, तेव्हा त्यातही लोकांना चेहरा दिसला होता, आणि २००१ सालच्या स्पष्ट छायाचित्रात ती साधी टेकडीच निघाली. चमत्कार म्हणून नारळ फोडण्याआधी ही माहिती लोकांपर्यंत पोहोचायला हवी.

शिक्षणाने नजर बदलते याचा पुरावा २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका नॉर्वेजियन अभ्यासात आहे. सामान्य प्रेक्षकांची नजर चित्रातील माणसांवर आणि ओळखीच्या वस्तूंवर अधिक खिळली, तर प्रशिक्षित चित्रकारांची नजर रचनेकडे आणि वरवर रिकाम्या वाटणाऱ्या भागांकडेही गेली.

शिक्षित नजरेलाही मर्यादा असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितले होते, आणि त्या स्कॅनमध्ये गाठीच्या ४८ पट आकाराची गोरिलाची आकृती मिसळली होती. २० जणांना ती दिसली नाही, आणि त्यांपैकी १२ जणांची नजर थेट तिच्यावर गेली होती. प्रश्न गाठींचा होता आणि उत्तरही तेवढ्याचेच मिळाले. म्हणूनच चित्रासमोर एकच प्रश्न घेऊन उभे राहणे पुरत नाही. येल विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांना संग्रहालयातील चित्रांसमोर उभे करून, निष्कर्ष काढण्याआधी जे दिसते तेवढेच सांगायला लावतात. अशा सरावाने रुग्णाच्या छायाचित्रातील लक्षणे टिपण्याचे कौशल्य सुधारल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले.

हा सराव घरीही करता येतो. सावळाराम हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ घ्यावे, ज्याला अनेक जण चुकीने राजा रविवर्म्याचे समजतात. मूळ जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. साडीतील तरुणी एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करते आहे. पहिली उडी तिच्या उजळलेल्या चेहऱ्यावर किंवा हातावर जाणार, कारण सर्वांत तीव्र विरोध तेथेच आहे. त्यानंतर स्वतःला विचारावे: प्रकाश कोणत्या उंचीवरून येतो आहे, साडीच्या कोणत्या घड्या उजळल्या आहेत, सावली कोठे पडली आहे, आणि बोटांच्या कडा लालसर का आहेत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा व निळा प्रकाश शोषून घेते आणि लाल प्रकाश बराचसा आरपार जाऊ देते. दिव्यासमोर स्वतःची बोटे धरून पाहिली, तर हळदणकरांनी हे किती काटेकोरपणे टिपले आहे ते ताडून पाहता येते.