हळू बोलणं वेगळं, थांबून बोलणं वेगळं

प्रेझेंटेशन संपल्यावर साहेब म्हणतात, "चांगलं झालं, पण जरा हळू बोलत जा." पुढच्या वेळी माणूस खरंच हळू बोलतो. "आपल्याऽ विभागाचीऽ विक्रीऽ" असं एकेक शब्द ताणत जातो आणि पाचव्या मिनिटाला समोरचे मोबाइल बाहेर काढतात. सल्ला तंतोतंत पाळला, तरी उपयोग शून्य. ऐकणाऱ्यांना खटकलं होतं ते मध्ये कुठेच न थांबणं, आणि ते दुसऱ्या वेळीही तसंच राहिलं.

ध्वनिशास्त्रात या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. थांबे वगळून अक्षरं किती भरभर उच्चारली, ही उच्चारगती. थांबे धरून मिनिटाला एकूण किती बोललं गेलं, ही बोलण्याची गती. मानसशास्त्रज्ञ फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांनी लंडनमध्ये १९५०च्या दशकापासून बोलण्यातल्या विरामांची मोजमापं केली. त्यांना आढळलं की उच्चारगती तुलनेनं स्थिर असते. बोलणं कधी जलद तर कधी संथ होतं, त्यात मोठा वाटा थांब्यांचा असतो. थोडक्यात, जिभेची सवय बदलण्यापेक्षा थांबे वाढवणं सोपं.

आपलं दुखणं कोणतं, हे फोनवर कळतं. सरावाची दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि मध्ये न थांबवता ऐकत ऐकत मुद्दे कागदावर उतरवा. "करण्यात आलेलं आहे"चं "करणातालेलाय" झालं असेल, तर उच्चार घाईचे आहेत. शब्द स्वच्छ ऐकू येतात पण लिहिताना हात मागे पडतो, तर थांबे कमी आहेत. बहुतेकांचं दुखणं हे दुसरं, थांब्यांचंच निघतं.

मराठीत थांबा चुकला की जास्त महाग पडतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. "हा खर्च या तिमाहीत मंजूर झालेला नाही" या वाक्यात सगळा जीव "नाही"त आहे. घाईत बोलणाऱ्याचा श्वास नेमका तिथे संपतो, आवाज खाली बसतो आणि पुढचं "पण" त्याला चिकटतं. मागच्या रांगेला ऐकू जातं "मंजूर झालेला". म्हणून क्रियापद पूर्ण आवाजात संपवा, मग थांबा, तिथेच श्वास घ्या. "ग्राहकांच्या… तक्रारींची… संख्या" असं मध्येच तोडू नका. जे शब्द एकमेकांना धरून आहेत, ते एका दमात जावेत. हळू बोलणारे हमखास इथेच तोडतात.

"म्हणजे", "तर", "बेसिकली", "ते काय असतं ना" हे शब्द ऐकून पाहा: बहुतेक वेळा जिथे थांबायला हवं होतं, तिथेच ते येऊन बसतात. ते नुसते टाळायला गेलं की जीभ अडखळते. त्यांच्या जागी तोंड मिटून घ्या. मिटल्या तोंडातून "आणिऽऽ" निघत नाही.

किती थांबायचं? वाक्यानंतर अर्धा ते एक सेकंद. महत्त्वाच्या आकड्यानंतर दोन. प्रश्न विचारल्यावर निदान तीन. त्याआधी आपणच उत्तर दिलं तर पुढचे सगळे प्रश्न वाया जातात. मनात "एक हजार एक" म्हणायला साधारण एक सेकंद लागतो. नवी स्लाइड आली की दोन सेकंद काहीच बोलू नका. लोक ती वाचत असतात आणि वाचताना तुमचं पहिलं वाक्य त्यांच्या कानावरून जातं. संहितेवर वाक्यानंतर एक तिरपी रेघ, आकडा किंवा नव्या मुद्द्यानंतर दोन, अशा खुणा आधीच करून ठेवा. सुरुवातीला दोन सेकंद युगासारखे वाटतील. रेकॉर्डिंगमध्ये ते जाणवणारही नाहीत. (वाजपेयींची नक्कल करणाऱ्यांना विरामाची लांबी सापडते, जागा सापडत नाही.)

मग हळू बोलायचंच नाही का? बोलायचं, पण ठरावीक जागी. पहिली जागा आकड्यांची. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फरक फक्त शेपटाचा आहे. त्रेसष्ट-त्रेपन्न, फिफ्टीन-फिफ्टी यांचीही तीच गत. इथे शेवटची अक्षरं सावकाश, ठसठशीत हवीत. मिश्र श्रोते असतील तर "एकोणसत्तर, सिक्स्टी नाइन" असं दोनदा सांगितलेलं बरं. दुसरी जागा माणसांची नावं, तारखा आणि पहिल्यांदाच येणारी संज्ञा. इंग्रजीत बोलत असाल आणि समोरच्यांपैकी अनेकांची ती सवयीची भाषा नसेल, तर सगळाच वेग थोडा उतरवा.

बरीचशी घाई तोंडात नसतेच, ती फाइलमध्ये असते. दहा मिनिटांत २५ स्लाइड म्हणजे स्लाइडमागे २४ सेकंद. तिथे ना हळू बोलता येतं, ना थांबता. दहा मिनिटं मिळाली असतील तर आठ मिनिटांचाच मजकूर ठेवा. इंग्रजीसाठी सांगितला जाणारा मिनिटाला १५० शब्दांचा आकडा मराठीला लावू नका. आपल्या शब्दांना प्रत्यय चिकटतात, त्यामुळे "शेजाऱ्यांच्यासुद्धा" हा एकच शब्द मोजला जातो. आपलाच मजकूर थांब्यांसकट एक मिनिट मोठ्यानं वाचा, शब्द मोजा आणि त्याला आठनं गुणा.

ऑनलाइन मीटिंगमध्ये हिशोब थोडा बदलतो. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण ०.२ सेकंद लागतात, असं २००९मध्ये दहा भाषांवर झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे पूर्ण सेकंदभराची शांतता समोरच्याला "आता तू बोल" अशी वाटू शकते. त्यात कॅमेरा बंद असेल तर दोन सेकंदांत कुणीतरी "हॅलो, आवाज येतोय का?" विचारणारच. म्हणून सुरुवातीलाच "तीन मुद्दे आहेत, शेवटी प्रश्न घेतो" असं सांगा, वाक्यांमधले थांबे सेकंदाच्या आत ठेवा आणि लांब थांबायचं असेल तर आधी "हा तक्ता बघून घ्या" म्हणा. मग पाच सेकंद गप्प राहिलात तरी कुणी म्यूट तपासत नाही.