मागील एक्सल व अंतिम गुणोत्तर (पिकअप ट्रक)

गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टद्वारे आलेली गती काटकोनात वळवून, तिच्यात शेवटची घट करून ती मागच्या चाकांना देणारी यंत्रणा म्हणजे मागील एक्सल. क्राऊन व्हीलच्या (एक्सलमधील मोठ्या दंतचक्राच्या) दात्यांच्या संख्येला पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या लहान दंतचक्राच्या) दात्यांच्या संख्येने भागले असता मिळणारा आकडा म्हणजे अंतिम गुणोत्तर. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे पिकअप ट्रकला होडी, गुरे-घोड्यांचा ट्रेलर किंवा चाकांवरचे घर जोडून ओढण्याचा प्रघात फार मोठा आहे. त्यासाठी तेथे दोन प्रकारचे बदल केले जातात : क्राऊन-पिनियनची जोडी बदलून गुणोत्तर वाढवणे, किंवा संपूर्ण एक्सल काढून अधिक भारक्षम एक्सल बसवणे. पहिल्या बदलाने ओढणे सुलभ होते, दुसऱ्याने भार पेलण्याची ताकद वाढते. या दोहोंची गल्लत वारंवार होते, आणि ती धोकादायक आहे.

इतिहास : एक्सलच्या मध्यभागी असलेल्या डिफरन्शियलचा उगम वादग्रस्त आहे. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते; ही तफावत सामावून घेणारी चक्ररचना प्राचीन चीनमधील दक्षिणदर्शक रथात (रथ कसाही वळला तरी त्यावरची आकृती दक्षिणेकडेच हात दाखवी) होती, असे मत अनेकदा मांडले जाते. या रथाचा संबंध सामान्यतः इ. स. तिसऱ्या शतकातील मा जून या यंत्रज्ञाशी जोडतात. इंग्रज मोटार अभियंता जॉर्ज लँचेस्टर याने १९४७ मध्ये डिफरन्शियल वापरून या रथाची जुळणी कशी करता येईल ते दाखवले आणि हे मत लोकप्रिय झाले. मात्र सोंग राजवंशाच्या इतिहासात यान सू (१०२७) व वू दरेन (११०७) यांच्या रथांची जी वर्णने आहेत, त्यांतून वळताना चक्रे गुंतवण्याची व सोडवण्याची सोपी रचना सूचित होते. शक्यता आणि पुरावा यांत अंतर असल्याने लँचेस्टरची जुळणी कल्पक पुनर्रचना मानणेच अधिक योग्य वाटते. ग्रीसजवळच्या समुद्रात सापडलेल्या अँटिकिथेरा या प्राचीन खगोलयंत्राविषयीही असेच घडले. डेरेक द सोला प्राइस याने १९७४ मध्ये त्यात डिफरन्शियल असल्याचे प्रतिपादन केले. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण तपासणीनंतर ती चक्रे चंद्राची असमान गती दाखवण्यासाठी होती, हा अर्थ बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जोसेफ विल्यमसन या इंग्रज घड्याळजीने सूर्यकालाच्या घड्याळात अशी रचना वापरल्याचे सांगतात. वाहनापुरते बोलायचे तर श्रेय सहसा फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर याला देतात. त्याच्या वाफेच्या गाडीची रचना १८२७-२८ च्या सुमाराची आहे. पुढे जेम्स स्टार्ली याने १८७७ मध्ये तीनचाकी सायकलीसाठी डिफरन्शियलचे पेटंट घेतले, आणि कार्ल बेन्झच्या १८८५ च्या गाडीतही ते होते.

ओझे ओढण्यासाठी एक्सल बदलण्याची कल्पना पिकअपइतकीच जुनी आहे. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचे अंतिम गुणोत्तर ३.६४ होते. १९१७ मध्ये त्याच इंजिनावर आलेल्या एक टनी मॉडेल टीटी ट्रकला वर्म पद्धतीचा (स्क्रूसारख्या दंतचक्राने फिरणारा) एक्सल व ७.२५ हे गुणोत्तर दिले गेले. थोड्या अधिक वेगासाठी ५.१७ चा पर्याय होता. इंजिन तेच ठेवून मुख्यतः एक्सलच्या बळावर मोटारीचा मालट्रक करण्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. मॉडेल टी बाळगणाऱ्यांसाठी रक्स्टेल या नावाचा दोन गतींचा एक्सलही बाजारात होता. त्याची खालची गती घातली की घट सुमारे दीडपट होई. फोर्डने कारखान्यातूनच पिकअप बॉडी देण्यास १९२५ मध्ये आरंभ केला. याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरच्या ग्लीसन कारखान्याने हायपॉइड दंतचक्रे विकसित केली, व ती प्रथम पॅकार्ड मोटारीत आली. हायपॉइडमध्ये पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यरेषेखाली असतो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली येतो, पिनियन अधिक जाड करता येते व दाते अधिक पृष्ठभागावर एकमेकांना टेकतात. परंतु दाते एकमेकांवर घसरतातही. त्यामुळे त्यांना अतिदाब सहन करणारे विशेष तेल (आजचे जीएल-५ श्रेणीचे) लागते. आजच्या पिकअपमध्ये हीच पद्धत आहे.

गुणोत्तराचे गणित : ८१ सेंमी. (३२ इंच) व्यासाचे चाक ताशी १०० किमी. वेगाने मिनिटाला सुमारे ६५३ फेरे घेते. गिअरबॉक्स थेट गतीत (१:१) असताना ३.३१ गुणोत्तराने इंजिनाचे फेरे सुमारे २,१६० होतात, ३.७३ ने २,४३५ आणि ४.१० ने २,६७५. म्हणजे ३.३१ वरून ४.१० वर गेल्यास चाकाला मिळणारा टॉर्क (फिरवणारा जोर) सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो आणि तितक्याच प्रमाणात इंजिन जास्त फिरते. चढावर गिअरबॉक्स सारखा खालच्या गतीत उतरत नाही, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन व स्वयंचलित गिअरबॉक्स यांना तेलाद्वारे जोडणारा भाग) घसरून तेल तापण्याचे प्रमाण कमी होते. रिकाम्या गाडीला मात्र याची किंमत इंधनात व आवाजात मोजावी लागते. इंजिनाची शक्ती यामुळे वाढत नाही. लांब चढावर टिकणारा वेग अखेर शक्तीवरच ठरतो.

टायरचा व्यास वाढवला की परिणाम उलटा होतो. ३२ इंची चाकांच्या जागी ३५ इंची चाके घातल्यास ३.७३ चा एक्सल प्रत्यक्षात ३.४१ सारखा वागतो. मूळ ओढ परत मिळवण्यास ४.१० ची जोडी लागते. अमेरिकेत गुणोत्तर बदलण्याच्या कामांपैकी पुष्कळशी मोठ्या टायरांमुळे गेलेली ओढ भरून काढण्यासाठीच असतात.

हे आकडे दात्यांच्या संख्येतून येतात : ४३ ला १३ ने भागून ३.३१, ३९ ला ११ ने भागून ३.५५, ४१ ला ११ ने भागून ३.७३, ४१ ला १० ने भागून ४.१०. दोन्ही संख्यांत सामाईक विभाजक नसावा असा संकेत आहे. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याला क्रमाने भेटतो व झीज सारखी होते. फारसे बोलले न जाणारे एक तथ्य येथे महत्त्वाचे आहे. क्राऊनचा व्यास तोच ठेवून गुणोत्तर वाढवायचे तर पिनियन लहान व कमी दात्यांचे करावे लागते, आणि लहान पिनियन दुबळे असते. म्हणजे ४.५६ किंवा ४.८८ ची जोडी गाडीला अधिक ओढ देते, पण तीच जोडी मोडण्याच्या अधिक जवळ असते. शिवाय पिनियन लहान झाले की क्राऊन जाड लागतो, म्हणून ठराविक मर्यादेपलीकडे डिफरन्शियलचा कॅरियरही (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) बदलावा लागतो. डाना कंपनीच्या डाना ६० या एक्सलमध्ये ही सीमा ४.१० व ४.५६ यांच्या दरम्यान आहे.

गिअरबॉक्समधील प्रगतीने या विषयाचे महत्त्व काहीसे कमी केले आहे. जनरल मोटर्सच्या चार गतींच्या ४एल६०-ई गिअरबॉक्सची पहिली गती ३.०६ होती, ४.१० च्या एक्सलसह एकूण घट सुमारे १२.५ होई. फोर्डच्या १०आर८० या दहा गतींच्या गिअरबॉक्सची पहिली गती ४.७० च्या जवळ आहे, साध्या ३.५५ च्या एक्सलसहही एकूण घट १६.७ च्या आसपास जाते. गाडी हलवण्यापुरता विचार केल्यास जुन्या ट्रकला एक्सल बदलून जो लाभ होई, तो आता गिअरबॉक्समधूनच मिळतो.

एक्सलचे प्रकार : अर्धा टन वर्गातील पिकअपना (फोर्ड एफ-१५०, रॅम १५००) सहसा सेमी-फ्लोटिंग एक्सल असतो. त्यात एक्सल शाफ्ट टॉर्कही नेतो व गाडीचा भारही पेलतो. शाफ्ट तुटला तर चाकच निसटण्याची भीती असते. पाऊण टन व त्यावरील ट्रकांत (एफ-२५०, रॅम २५००) फुल-फ्लोटिंग एक्सल येतो. त्यात हब (चाक बसते तो मध्यभाग) हाउसिंगच्या (एक्सलच्या बाह्य कवचाच्या) टोकावर दोन बेअरिंगांवर फिरतो, भार हाउसिंग घेते आणि शाफ्टकडे फक्त टॉर्क उरतो. चाक न उतरवता शाफ्ट ओढून काढता येतो. क्राऊनच्या व्यासावरून एक्सल ओळखण्याची रीत आहे : फोर्डचे ८.८ व ९.७५ इंची, डाना ६० चा ९.७५, डाना ७० चा १०.५, जनरल मोटर्सचा चौदा बोल्टांचा १०.५, अमेरिकन एक्सल कंपनीचा ११.५ इंची.

अर्धा टन गाडीखाली पाऊण टन गाडीचा एक्सल घालताना प्रश्नांची मालिका उभी राहते. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकीची रुंदी जुळत नाही. चाकांना आठ बोल्ट लागतात, पुढच्या चाकांना मात्र पाच किंवा सहाच राहतात. प्रोपेलर शाफ्टची लांबी, पिनियनचा कोन, हँडब्रेकच्या केबल व एबीएसचे सेन्सर नव्याने जुळवावे लागतात. जड एक्सलचे वजन गाडीच्याच भारक्षमतेतून वजा होते. चॅसिस, पुढचे ब्रेक, हिच (ट्रेलर जोडण्याचा सांधा) व रेडिएटर पूर्वीचेच राहतात.

जोडकाम : क्राऊन-पिनियन नेहमी जोडीनेच बदलतात. पिनियनची खोली शिमने (पातळ चकतीने) ठरवतात, दात्यांमधील मोकळीक (बॅकलॅश) बहुधा ०.१५ ते ०.२५ मिमी. ठेवतात, आणि दात्यांना रंग लावून स्पर्शाची खूण तपासतात. ही खूण दात्याच्या टोकाकडे वा मुळाकडे सरकली असेल तर एक्सल रडतो व लवकर झिजतो. कामाचा खरा कस येथेच लागतो. सुटे भाग कितीही उत्तम असले तरी जुळणी चुकली की ते वाया जातात. नवी जोडी पहिले काहीशे किलोमीटर ओझ्याशिवाय चालवून मग तेल बदलण्याची शिफारस उत्पादक करतात. चारचाकी चालनाच्या गाडीत पुढच्या एक्सलचे गुणोत्तरही बदलणे भाग असते, ४.०९ व ४.१० इतका किंचित फरक चालतो, त्याहून मोठा फरक ठेवल्यास कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या एक्सलला गती वाटून देणारी पेटी) आवळली जाते. स्पीडोमीटर व गिअर बदलण्याचे वेळापत्रक यांसाठी संगणकाला नवे गुणोत्तर कळवावे लागते.

क्षमता व कायदा : ट्रेलर ओढण्याची जाहीर क्षमता एसएई या मोटार अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकाने (२००८) ठरवतात. टोयोटाने ते प्रथम स्वीकारले. अन्य कंपन्या बऱ्याच उशिरा आल्या. त्यातील चढाची कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या सुमारे १८ किमी. लांबीच्या घाटावर बेतलेली आहे. तेथे मागे दोन चाके असलेल्या पिकअपने ताशी ४० मैलांखाली येता कामा नये. १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघण्याचीही चाचणी असते, आणि अंतिम गुणोत्तराचा प्रभाव तिथे प्रकर्षाने दिसतो. म्हणूनच एकाच इंजिनाच्या, पण वेगळ्या एक्सलच्या दोन गाड्यांसाठी कंपनी वेगळी ओढक्षमता जाहीर करते.

याचा अर्थ नंतर गुणोत्तर बदलले की वरच्या गाडीची क्षमता आपोआप लागू होते असा नाही. कारखान्यात कमी-अधिक गुणोत्तरासोबत अनेकदा रेडिएटर, स्प्रिंग व हिचही बदललेले असतात. चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवरील एकूण भार व प्रत्येक एक्सलचा भार हे आकडे निर्मात्याने प्रमाणित केलेले असतात. गाडीखाली डाना ८० घातला तरी ते वाढत नाहीत. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर, पर्यायाने मागच्या एक्सलवर येतो, आणि पुष्कळदा ओढक्षमतेआधी हीच मर्यादा ओलांडली जाते.

भारतात पिकअपचा उपयोग मुख्यतः हौद्यातून माल नेण्यासाठी होतो; ट्रेलर ओढण्याचे काम ट्रॅक्टरकडे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते, त्यामुळे येथे असे बदल विरळ आहेत.