एअर पाइपमधलं तेल आणि टोपणाखालचं पाणी

पावसाळ्यात इंजिन ऑइलच्या टोपणाखाली पिवळसर-पांढरा लगदा दिसला, किंवा एअर फिल्टरच्या डब्याला तेल लागलं, की गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात थेट इंजिन खोलायची बोलणी सुरू होतात. बहुतेक वेळा तिथवर जायची गरज नसते. हवेच्या वाटेवर तेल नेमकं कुठून सुरू होतं ते आधी पाहायचं. किती साचलंय, हा प्रश्न नंतरचा.

हवा पुढच्या जाळीमागच्या तोंडातून फिल्टरच्या डब्यात जाते, तिथून रबरी पाइपने थ्रॉटल बॉडीत (हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि मग मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप). टर्बो असेल तर मध्ये हवा दाबून देणारा टर्बो आणि ती गार करणारा इंटरकूलर. या वाटेला एक बारीक पाइप येऊन मिळतो, तो ब्रीदर. पिस्टनच्या रिंगा नव्याकोऱ्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भागात, उतरतो. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात तेलाचे सूक्ष्म थेंब, न जळलेलं इंधन आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, पण थोडं ब्लो-बायबरोबर तेलात उतरतं. हा वायू बाहेर सोडायचा नाही म्हणून ब्रीदर तो पुन्हा इंजिनाच्या श्वासात सोडतो. म्हणजे पाइपला आतून तेलाचा पातळ हात लागणं हा बिघाड नाही.

आता तपासणी. इंजिन गार असताना डब्याचे क्लिप काढा आणि फिल्टरच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या पाहा. मळक्या बाजूला ओल किंवा चिखलाचा डाग असेल तर पाणी बाहेरून आलंय. डब्याच्या तळाला पाणी निघायचं बारीक भोक असतं, ते पाल्याने बुजलेलं असतं. तारेने मोकळं करा. स्वच्छ बाजूला तेल असेल तर ते ब्रीदरमधून उलटं आलंय. मग रबरी पाइपचा क्लँप सैल करून पाइप काढा, पांढरं कापड बोटाला गुंडाळून आतून फिरवा. ब्रीदरच्या जोडापर्यंत कापड कोरडं आणि जोडानंतर काळपट झालं, तर तेलाचा उगम तिथेच सापडला. टर्बोच्या गाडीत हेच कापड टर्बोच्या आधी आणि नंतर फिरवायचं. आत येणारा पाइप कोरडा आणि बाहेर जाणारा तेलकट, तर संशय टर्बोच्या सीलवर. दोन्ही तेलकट असतील तर टर्बो बदलायची घाई करू नका, ब्रीदर पाहा. इंटरकूलरच्या तळाशी तेलाचं डबकं असेल तर मात्र थांबायचं नाही. डिझेल इंजिन हे तेल इंधन म्हणून ओढू लागलं की चावी काढली तरी बंद होत नाही, रेस आपोआप चढत जाते. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा.

ब्रीदरमधून जास्त तेल का येतं? सगळ्यात साधं कारण आधी तपासा: जास्त भरलेलं ऑइल. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहा. मॅक्सच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचं काढून टाका. पेट्रोल गाडीत पुढचा संशयित पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधला वायू इंजिनात सोडणारी झडप. तो काजळीने अडकला की क्रँककेसचा दाब ताज्या हवेच्या पाइपमधून उलटा फिरतो आणि तेल फिल्टरच्या डब्यात येतं. इंजिन आयडलवर ठेवून ऑइलच्या तोंडावर कागदाचा तुकडा धरा. तो हलका आत ओढला गेला तर ठीक. फडफडून वर उडत राहिला तर आत दाब साचतोय. फार जोराने चिकटला आणि शिट्टी ऐकू आली, तर व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला असू शकतो. व्हॉल्व्ह आणि पाइप स्वच्छ असूनही दाब राहतो, तेव्हाच रिंगांकडे वळायचं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं. कमी दाखवणाऱ्या पेट्रोल सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात.

एअर फ्लो सेन्सरवर तेल बसलं की तो हवा कमी मोजतो, गाडी ओढत नाही. त्याची तार बोटाने पुसू नका, कार्ब्युरेटर क्लीनरही नको. या सेन्सरचा वेगळा स्प्रे मिळतो.

टोपणाखालचा लगदा वेगळ्या कारणाने येतो. राजारामपुरीतून महाद्वार रोड आणि परत, एवढ्याच फेऱ्या होत असतील तर ऑइल पुरतं तापतच नाही. कुलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) काटा मधे आला तरी ऑइल मागेच असतं. वाफ गार टोपणावर जमते आणि तेलात घुसळली जाते. टोपण पुसा, हायवेने कागलपर्यंत जाऊन या, पुन्हा पाहा. लगदा गेला किंवा घटला तर काळजी मिटली. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल, गार इंजिनात पाहिल्यावर कुलंटची पातळी घटत असेल, किंवा तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) किंवा ऑइल कूलर तपासा. तोवर गाडी चालवू नका.

आणि पुराचं पाणी. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं. हवेचं तोंड बऱ्याच गाड्यांत हेडलाइटच्या आसपास असतं, त्यामुळे समोरच्या ट्रकची लाटही पुरते. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, फिल्टर पाहा. तो ओला असेल तर स्पार्क प्लग, डिझेलमध्ये ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवा म्हणजे पाणी बाहेर येईल. ऑइल आणि फिल्टर बदलूनच सुरू करा. सुरू झाल्यावरही प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या: एकच सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्याचा रॉड वाकला असण्याची शक्यता मोठी.