वार, वसतिगृह आणि कक्ष

जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यातल्या अनेक कॉलेजांत वेगवेगळ्या देशांतल्या आणि राज्यांतल्या विद्यार्थ्यांचा एक दिवस साजरा होतो. मांडवात फनेक नेसलेली मणिपुरी मुलगी दिसते, शेजारी सुदानी मुलं चहा देत असतात, मग प्राचार्यांचं भाषण आणि भरपूर फोटो. संध्याकाळी मांडव उतरतो. याच मुलांसाठी वर्षभर चालणारा साहाय्य कक्ष मात्र फोटोत कधी दिसत नाही. मी गेली दहा वर्षं अशाच एका कक्षात काम करते. हा दिवस आणि हा कक्ष कुठून आले हे मला कुणी विचारलं, तर मी जेवणापासून सांगायला सुरुवात करते. परक्या मुलाला पुण्यात आल्यावर पहिला प्रश्न पडायचा तो पोटाचाच.

फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली सुरू झालं. त्या काळात कोकणातून, देशावरून शिकायला येणारी गरीब मुलं वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे सात दिवसांचे सात उंबरे. ज्यांना वार मिळत नसे ते झोळी घेऊन माधुकरीला निघत. दारात उभं राहून ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणायचं, वाढतील ते घ्यायचं. १९०९ साली पुण्यात निघालेलं अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचं पुणे विद्यार्थी गृह, हे अशा निराधार मुलांसाठीच होतं.

या आठवणी आपल्याकडे फार जिव्हाळ्याने सांगितल्या जातात आणि तो जिव्हाळा खराही आहे. पण ते सात उंबरे ब्राह्मण मुलांसाठीच होते, हेही त्याच दमात सांगायला हवं. इतर जातींच्या मुलांना पुण्यात शिकायचं तर आधी राहायला छप्पर उभं करावं लागलं. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी करायला बळ दिलं, ती याच कारणाने. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. पुण्यात नाना पेठेतल्या अहिल्याश्रमात त्याचं काम उभं राहिलं. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली. पुणे विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेला आज त्यांचंच नाव आहे. १९५५ साली डॉ. अच्युत आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समितीही खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींना पुण्यात राहण्याजेवणाची सोय देते आणि कामाची सवय लावते. आज ‘सपोर्ट सर्व्हिस’ म्हणतात त्याचं सगळं मूळ मला इथे दिसतं.

परदेशी विद्यार्थी आले ते स्वातंत्र्यानंतर. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये गणेशखिंडीतल्या जुन्या गव्हर्नर हाऊसच्या आवारात सुरू झालं आणि १९५० साली मौलाना आझादांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर आशिया-आफ्रिकेतली मुलं इथे येऊ लागली. प्रवेशाचं बघणारी माणसं होती. प्रवेशानंतर त्या मुलाचं काय होतं, हे बघणारं कुणी नव्हतं.

ही उणीव एका खिडकीतून दिसली. डॉ. शां. ब. मुजुमदार तेव्हा फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टरही होते. त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली हकिकत अशी, की मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी काहीतरी आत देते आहे असं त्यांना दिसलं. रेक्टरला जी शंका यायची ती आली. चौकशी केली तर आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळलेला होता आणि ती मुलगी त्याला रोज जेवण आणून देत होती. परक्या देशात त्याला पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. १९७१ साली मुजुमदारांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी सांस्कृतिक केंद्र म्हणून सिंबायोसिस काढलं. दोन वेगळ्या जीवांनी एकमेकांच्या आधाराने जगणं, असा त्या शब्दाचा अर्थ. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला तोच सुचावा हे साहजिक. कॉलेजं आणि पदव्या नंतर आल्या. ज्या शहरात एवढी मोठी शिक्षणसंस्था आजारी मुलाच्या डब्यातून सुरू होते, तिथे कक्षाचं काम काय असावं याबद्दल मला वेगळं पुस्तक वाचावं लागलं नाही.

सत्तरच्या दशकात इराणी विद्यार्थी पुण्यात मोठ्या संख्येने दिसू लागले. ‘इराणी’ म्हटलं की पुणेकराला बनमस्का आणि डेक्कनवरचं १९३५ सालचं कॅफे गुडलक आठवायचं; आता वर्गातल्या बाकावरही इराणी बसू लागले. १९७९ च्या क्रांतीने त्यांचं घर आणि घरून येणारे पैसे दोन्ही डळमळले. पुढे येमेन, सुदान, इराक, अफगाणिस्तान अशी देशांची नावं बदलत गेली, प्रश्न मात्र तोच राहिला. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतलं तेव्हा पुण्यातल्या अफगाण मुलांपुढे व्हिसा, फी आणि खोलीचं भाडं एकदमच उभं राहिलं.

कक्षाचा सर्वांत जास्त वेळ जातो तो कागदांत. एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करायची असते. घरमालकाने किंवा वसतिगृहाने चोवीस तासांत परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरायचा. २०१८ पासून हे बरंचसं ऑनलाइन झालं, तरी फॉर्मचं नाव काढलं की घरमालक मागे सरतो. एका येमेनी मुलासाठी मी कोंढव्यातल्या एका आजोबांकडे गेले होते. ‘पोलिसांचं लचांड नको हो,’ एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि दोघांनी मिळून एकेक रकाना भरला: पासपोर्ट क्रमांक, व्हिसाची मुदत, भारतात आल्याची तारीख. सबमिट केल्यावर आजोबा म्हणाले, ‘बस, एवढंच?’ आणि किल्ली दिली.

देशातल्याच मुलांसाठी असा कक्ष हवा हे मात्र आपल्याला फार उशिरा कळलं. ऑगस्ट २०१२ मध्ये पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांना मारहाण झाली. त्यापाठोपाठ एसएमएसवरून अफवा पसरल्या आणि बंगळूर, पुणे, चेन्नईतून हजारो माणसं गुवाहाटीच्या दिशेने निघाली. केंद्र सरकारने एकगठ्ठा एसएमएसवर पंधरा दिवस बंदी घातली. मी तेव्हा दुसऱ्या एका कॉलेजात शिकवत होते. आमच्या मणिपुरी विद्यार्थ्यांना थांबवावं म्हणून ऑफिसात त्यांचे नंबर शोधले, तर रजिस्टरमध्ये फक्त इंफाळचे पत्ते. पुण्यात ही मुलं कुठे राहतात, हे तीन वर्षं फी घेणाऱ्या कॉलेजला माहीत नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेचे नियम काढले आणि प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी असावा असं सांगितलं. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचल प्रदेशातल्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा ईशान्येकडच्या लोकांचे प्रश्न पाहण्यासाठी बेझबरुआ समिती नेमली गेली. ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी ‘ईशान उदय’ शिष्यवृत्तीही २०१४-१५ पासून सुरू झाली. २०१५ साली राज्यांच्या जोड्या लावणारा ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ हा उपक्रम जाहीर झाला, त्यात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लागली. आमच्या मुलांनी ओडिया लिपीत आपापली नावं लिहायला शिकणं, पखाळ भात चाखणं हे सारं तिथून आलं. २१ फेब्रुवारीचा मातृभाषा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन लागूनच येतात, म्हणून बरीच कॉलेजं तो आठवडा जोडून घेतात.

हे कार्यक्रम मला मनापासून आवडतात. लातूरची मुलगी नागा मैत्रिणीकडून अखुनीची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, चटणी मागून घेते, तेव्हा त्या वासाबद्दल सोसायटीत तक्रार करणारं एक माणूस कमी झालेलं असतं. पण स्टॉलला मिळतं तेवढं बजेट कक्षाला मिळत नाही, आणि स्टॉलवर उभं राहणाऱ्या मुलाला त्याच रात्री मेसमध्ये चालेल असं जेवण मिळेल याची खात्री नसते. रमजानमध्ये हे नेमकं दिसायचं. आमची मेस सकाळी आठला उघडते, सेहरी, म्हणजे रोजा धरण्याआधीचं जेवण, पहाटे असते. तीन वर्षं मुलं कोरड्या बिस्किटांवर रोजा धरत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. कळल्यावर रात्रीच डबे भरून ठेवायचं ठरलं: पोळ्या, उसळ, दोन खजूर, झाकणावर खोली नंबर. यंदा रमजानच्या आठवडाभर आधी मेसच्या मावशी स्वतःच कक्षाच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, पहाटेचे डबे किती धरू?’