पाणी उडवा, पाणी अडवा, पाणी गोठवा

२००८ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या मान्यवर संस्थेने एक निर्वाळा दिला. ज्या यॉर्कशायर पुडिंगची उंची चार इंचांपेक्षा कमी भरेल, त्याला यॉर्कशायर पुडिंग म्हणता येणार नाही, असे तिने जाहीर केले. रसायनशास्त्रज्ञांनी स्वयंपाकघरात इतके लक्ष घालावे याचे कोणालाही हसू येईल. पण टम्म फुगलेली पुरी आणि चप्पट बसलेली पुरी यांतला फरक ज्या घरांत नाक मुरडून सांगितला जातो, त्या घरांनी तरी हसू नये. प्रश्न दोन्हीकडे एकच आहे: पिठातले पाणी वाफ होऊन निघाले, तेव्हा त्याला वाट मिळाली की भिंत मिळाली?

पुडिंग या शब्दावरून आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी गोड येते, म्हणून आधी एक खुलासा करायला हवा. यॉर्कशायर पुडिंग गोड नसते. मैदा, अंडी, दूध आणि चिमूटभर मीठ यांचा धिरड्यासारखा पातळ घोळ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून ओव्हनमध्ये भाजला की हा वाटीसारखा कुरकुरीत पदार्थ तयार होतो, आणि तो रविवारच्या भाजलेल्या मांसाबरोबर, मांसाच्या दाट रसात बुडवून खाल्ला जातो. विस्तवासमोर मांस फिरत असताना खाली ठिबकणारी चरबी वाया जाऊ नये म्हणून घोळाचे भांडे त्याखाली ठेवण्याची इंग्लंडमध्ये जुनी रीत होती, आणि १७४७ साली हॅना ग्लास यांनी आपल्या पाककृतींच्या पुस्तकात हा पदार्थ यॉर्कशायरच्या नावाने दिला. पूर्वी तो मांसाच्या आधी वाढला जाई, कारण स्वस्त मैद्याने भूक निम्मी भागली की महागडे मांस कमी लागे. पाहुण्याला आधी भाताचा डोंगर वाढणारी यजमानीण जगात सगळीकडे असते, हेच खरे.

या घोळात सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, यीस्ट नाही. तरीही तो भांड्याच्या काठांवरून वर चढतो, कारण दुधात सुमारे ८७ टक्के आणि अंड्यात सुमारे ७५ टक्के पाणी असते. एक ग्रॅम पाण्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ झाली की ती जवळजवळ १.७ लिटर जागा व्यापते. म्हणजे चहाच्या चमच्यातले पाच ग्रॅम पाणी आठ लिटरांहून अधिक वाफ देऊ शकते. अर्थात यातली बहुतेक वाफ निसटून जाते, पण निसटण्यापूर्वी तिने काम केलेले असते. सुमारे २२० अंशांच्या ओव्हनमध्ये आधीच तापलेल्या चरबीला घोळ टेकताक्षणी कडा आणि तळ शिजून घट्ट होतात, मधला भाग मात्र अजून पातळ असतो. खालून सुटलेली वाफ या मऊ भागाला उचलते, आणि मैद्यातल्या ग्लूटेन या चिवट प्रथिनाची लवचीक जाळी व अंड्यातली प्रथिने ताणली जात, शिजत, शेवटी ताठ होत तिच्याभोवती भिंत उभी करतात. ओव्हनचे दार मध्येच उघडू नये असे सांगतात ते याचसाठी. भिंत ओली असतानाच तापमान उतरले, तर आतल्या वाफेचे पुन्हा पाणी होते, तिने व्यापलेली जागा एकाएकी रिकामी होते आणि पुडिंग खाली बसते. भिंत वाळून कडक झाल्यावर दार उघडले, तर फारसे काही बिघडत नाही.

वाफेला अशी एकच मोठी पोकळी देण्याऐवजी शेकडो पातळ पापुद्र्यांमध्ये वाटून दिले, तर काय होते हे पाहायला मँचेस्टरजवळच्या एकल्स या गावी जावे लागेल. तिथे १७९३ पासून जेम्स बर्च यांच्या दुकानात विकला जाऊ लागलेला एकल्स केक हा नावापुरताच केक आहे. तो म्हणजे लोणी, साखर आणि काळ्या बारीक मनुका यांचे सारण भरलेली, वरून साखर भुरभुरलेली पापुद्र्यांची चपटी पारी होय. मनुकांच्या काळ्या ठिपक्यांमुळे इंग्रज मुले त्याला चिरडलेल्या माश्यांचा केक म्हणतात, आणि लँकेशायरची जाणती मंडळी तो चक्क तिथल्या चीजच्या तुकड्याबरोबर खातात. त्याच परगण्यातल्या चॉर्ली गावचा केक जवळजवळ याच जिनसांचा, पण त्याची पारी पापुद्र्यांची नसून खुसखुशीत असते.

हा फरक मराठी वाचकाला समजावून सांगायला वेगळी परिभाषा लागत नाही. मोहन आणि साठा हे दोन शब्द पुरेसे आहेत. पिठात मोहन चोळले की स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणांवर थर धरतो, पाणी प्रथिनांपर्यंत नीट पोहोचत नाही, ग्लूटेनचे लांब धागे बनत नाहीत आणि शंकरपाळी दाताखाली भुगा होते. चॉर्लीचा केक हा मोहनाचा पदार्थ आहे. साठ्याचे काम वेगळे. चिरोटे करताना लाटलेल्या पोळ्यांवर तूप आणि तांदळाच्या पिठीचा साठा फासून वळकटी केली जाते, तेव्हा तूप पिठात मिसळायचे नसते, तर दोन थरांना एकमेकांपासून दूर ठेवायचे असते. तळताना प्रत्येक थरातले पाणी वाफ होऊन आपापला पापुद्रा उचलते. एकल्स केकची पारीही याच तत्त्वावर घडते, फक्त साठ्याच्या जागी थंड लोणी असते. तुपात पाणी जवळजवळ नसते. बेकरीच्या लोण्यात मात्र सुमारे १६ टक्के पाणी असते, म्हणून तिथे थरांमधला पडदाच वाफ पुरवतो. अट एवढीच की लाटताना लोणी घट्ट राहिले पाहिजे. ते साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते, आणि एकदा वितळून पिठात शिरले की साठ्याचे मोहन झालेच म्हणून समजावे. उत्तर इंग्लंडच्या गार स्वयंपाकघरात जे सहज साधते, त्यासाठी मे महिन्यातल्या मुंबईत खारी करणाऱ्या बेकरीवाल्याला कितीतरी अधिक जपावे लागते, त्यामुळे कौशल्याचे माप मी तरी बेकरीवाल्याच्या पदरात टाकीन.

लेस्टरशायरमधल्या मेल्टन मोब्रे या गावच्या पोर्क पायमध्ये, म्हणजे डुकराचे मांस भरून भाजलेल्या पारीच्या उभ्या डब्यात, मात्र वाफेला जवळजवळ मज्जाव असतो. इथे पाणी उडवायचे नसून अडवायचे असते. डुकराची चरबी पाण्यात उकळून ते उकळते मिश्रण पिठावर ओततात, म्हणजे आपल्या भाषेत पिठाची उकड काढतात. मोदकासाठी आपण तांदळाची उकड काढतो, कारण तांदळात ग्लूटेन नसते आणि पिठीला चिकटपणा येण्यासाठी तिच्यातला पिष्टाचा कण गरम पाणी पिऊन फुगावा लागतो. गव्हात ग्लूटेन असतेच. तिथे उकळते पाणी आणि चरबी मिळून त्याची जाळी दुबळी करतात आणि फुगलेले पिष्ट पिठाला मातीसारखी घडण देते. कोमट असताना ते लाकडी ठोकळ्याभोवती हाताने चढवून त्याचे उभे भांडे करता येते, आणि थंड झाल्यावर ते आपल्या पायांवर उभे राहते. मेल्टन मोब्रेचा पोर्क पाय साच्याच्या आधाराविना भाजला जातो, त्यामुळे त्याच्या भिंतींना किंचित फुगीर पोट सुटते. ही त्याची ओळखीची खूण. भाजताना आतले मांस आकसते आणि पारी व मांस यांच्यात पोकळी राहते. तिच्यात झाकणाच्या भोकातून डुकराच्या हाडांचा आणि खुरांचा दाट रस्सा ओतला जातो. त्यातले जिलेटिन थंड होताना पाण्याला आपल्या जाळीत धरून ठेवते, हवेला जागा उरत नाही आणि मांस सुकत नाही.

कॉर्नवॉलच्या पेस्टीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर ती मुरड घातलेली भलीमोठी करंजी आहे. कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणींतले कामगार ती बरोबर नेत. तिच्यात गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचे पिवळसर कंद कच्चेच भरतात. मुरड घट्ट असेल, तर सारण आपल्याच वाफेत शिजते. ती सुटली, तर रस ओव्हनच्या तळाशी जळतो. २०११ साली युरोपीय संघाने या नावाला भौगोलिक संरक्षण दिले, आणि त्याच्या नियमांत मुरड बाजूला हवी, माथ्यावर नको, हेही लिहिलेले आहे.

आता ओव्हन बंद करून बर्फाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कार्लो गत्ती या स्वित्झर्लंडहून आलेल्या गृहस्थांनी लंडनच्या रस्त्यांवर एका पेनीत आइस्क्रीम विकायला सुरुवात केली. त्यांचा बर्फ पुढे नॉर्वेहून जहाजाने येई आणि किंग्ज क्रॉसजवळच्या कालव्याकाठी खोल विहिरींत साठवला जाई. त्या विहिरी आजच्या लंडन कॅनॉल म्युझियमच्या पोटात पाहायला मिळतात. गिऱ्हाईक काचेच्या जाड बुडाच्या लहानशा पेल्यातून आइस्क्रीम चाटून पेला परत करी, आणि पुढच्याला तोच पेला मिळे. क्षयाच्या भीतीने लंडनमध्ये १८९९ साली या पेल्यांवर बंदी आली.

नुसत्या बर्फाने आइस्क्रीम गोठत नाही, हे पॉट आइस्क्रीमचे हँडल ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आळीपाळीने फिरवले आहे त्यांना ठाऊक आहे. बर्फात खडेमीठ हवेच. मीठ बर्फाला थंड करते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ते त्याला वितळायला भाग पाडते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ जूल उष्णता मागतो, आणि खारे पाणी शून्याखालीही गोठत नसल्यामुळे ही मागणी शून्याखाली चालूच राहते. ती उष्णता आतल्या दुधातून ओढली जाते. मीठ आणि बर्फ यांचे प्रमाण अगदी नेमके जमले, तर मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते.

मीठ बाहेर जे करते, तेच साखर आत करते. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३४ ग्रॅम साखर विरघळली की गोठणबिंदू जवळजवळ १.९ अंशांनी खाली जातो. शिवाय पाण्याचा थोडा भाग बर्फ झाला की उरलेल्या पाण्यात साखर आणखी दाट होते आणि ते गोठायला आणखी थंडी मागते. त्यामुळे घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांतही आइस्क्रीममध्ये थोडा पाक पातळच राहतो, म्हणून तर चमचा आत शिरतो. उरतो प्रश्न स्फटिकांच्या आकाराचा. ते सुमारे ५० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा, मोठे झाले की जिभेला कचकच जाणवू लागते. लहान स्फटिक हवे असतील, तर गोठवण्याची घाई करावी लागते आणि ढवळणे थांबवून चालत नाही. लंडनच्या पाककला-लेखिका ॲग्नेस मार्शल यांना हे उत्तम कळले होते. १८८५ साली त्यांनी पेटंट घेतलेल्या यंत्राचे भांडे उथळ आणि रुंद होते, म्हणजे मिश्रणाचा जास्तीत जास्त भाग थंड पत्र्याला टेके. १९०१ मध्ये तर द्रवरूप हवेचे थेंब घालून प्रत्येक पाहुण्याने जेवणाच्या टेबलावरच आपले आइस्क्रीम ढवळून घ्यावे, असे त्यांनी सुचवले. आजची महागडी हॉटेले द्रवरूप नायट्रोजनचे धुके सोडून जो तमाशा करतात, त्याची कल्पना या बाईंनी शंभर वर्षांहून आधी मांडली होती.

ज्यांच्या घरी यंत्र नाही, त्यांनी ढवळण्याचे काम आधीच उरकून घ्यावे. थंड मलई फेटून तिच्यात हवा भरायची आणि तिच्यात आटवलेले गोड दूध मिसळायचे; आटवल्यामुळे पाणी मुळातच कमी, साखर भरपूर, आणि हवेचे बुडबुडे स्फटिकांच्या आड येतात. कॉर्नवॉलची क्लॉटेड क्रीम वापरली, तर आणखी बरे. मलई मंद आचेवर तासन्‌तास ठेवून आणि सावकाश निववून मिळणारी ही सायीची चुलतबहीण, जिच्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असावाच लागतो. मात्र डबा फ्रीजरच्या दारात ठेवू नये. दार उघडले की बारीक स्फटिक वितळतात, दार लागले की ते पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन गोठते, आणि पंधरा दिवसांत मखमलीची वाळू होते.

भाजणे आणि गोठवणे एकाच बशीत आणणारी मंडळीही आहेत. आर्क्टिक रोल या ब्रिटिश मिष्टान्नात आइस्क्रीमच्या दंडाभोवती स्पंज केकची चादर गुंडाळलेली असते, आणि केकमधली हवा आइस्क्रीमला उबेपासून थोडा वेळ वाचवते. बेक्ड अलास्कामध्ये हेच धाडस पुढे नेऊन, फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा फेस थापून आइस्क्रीम थेट ओव्हनमध्ये ढकलतात. वरचा फेस भाजून तांबूस होतो, आतला गोळा गोठलेलाच राहतो.

हा पदार्थ उलटा करता येईल का, असा प्रश्न ऑक्सफर्डचे पदार्थविज्ञ निकोलस कुर्ती यांना पडला. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही त्या मर्यादेच्या, वर अंशाचा दहा लाखावा भाग इतक्या नीचांकी तापमानापर्यंत १९५६ साली पोहोचलेला हा माणूस घरी हौशी आचारी होता. १९६९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्वयंपाकघरातल्या पदार्थविज्ञानावर व्याख्यान देताना त्यांनी तेव्हा नवलाईच्या असलेल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा उपयोग केला. या लहरींच्या तालावर द्रवातले पाण्याचे रेणू गिरक्या घेतात आणि तापतात. बर्फातले रेणू जागच्या जागी जखडलेले असल्यामुळे त्यांना फारसा ताप होत नाही. गोठलेल्या फेसाच्या कवचात मद्याचे सारण भरून कुर्ती यांनी ते ओव्हनमध्ये ठेवले, आणि बाहेर काढले तेव्हा कवच अजून गोठलेले होते, आतले मद्य मात्र गरम झाले होते. या पदार्थाचे नाव त्यांनी ठेवले फ्रोझन फ्लोरिडा.