इंडियानातली ट्रकचालकांची भरती : पार्श्वभूमी

इंडियाना राज्यात ट्रकचालकांची भरती बाराही महिने चालू असते. 'अमेरिकेचा चौरस्ता' हे ब्रीद राज्याने १९३७ सालीच घेतलं होतं. १९५६ च्या महामार्ग कायद्यानंतर ते अक्षरशः खरं झालं. ६५, ६९, ७० आणि ७४ क्रमांकाचे महामार्ग इंडियानापोलिसपाशी येऊन मिळतात. गॅरीचं पोलाद, मका, सोयाबीन, औषधं सगळं याच रस्त्यांवरून जातं.

आजची चालकाची नोकरी मात्र घडवली ती ट्रकवाहतुकीवरचे निर्बंध सैल करणाऱ्या, १ जुलै १९८० रोजी सही झालेल्या कायद्याने. त्याआधी, म्हणजे १९३५ पासून, कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर कोणता माल न्यायचा हे केंद्रीय आयोग ठरवत असे. कोणी नवा परवाना मागितला की जुन्या कंपन्या हरकत घेत. दरही कंपन्या एकत्र बसून ठरवत. कच्च्या शेतमालाला परवाना लागत नसे, कारखान्याच्या मालाला मात्र लागे. त्यामुळे मका पोचवून आलेल्या ट्रकला परतीच्या वाटेवर कारखान्याचा माल भरता येत नसे, तो रिकामाच परतायचा. हा अपव्यय उघड होता आणि निर्बंध उठवा म्हणणाऱ्यांचा हा मुद्दा बिनतोड होता. पण दर टिकून होते म्हणूनच चालकांच्या संघटनेला १९६४ साली देशभरासाठी एकच वेतनकरार पदरात पाडून घेता आला. तो घडवून आणणारा पुढारी इंडियानातल्याच ब्राझील नावाच्या गावात जन्मलेला.

१९८० नंतर परवानाधारक कंपन्या दहा वर्षांत दुपटीहून जास्त झाल्या आणि दर कोसळले. माल पाठवणाऱ्यांचं फावलं. इंडियानापोलिसजवळच्या प्लेनफिल्डला गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यामागेही ही स्वस्त वाहतूक आहे. चालकाची कमाई मात्र महागाईच्या मानाने घसरत गेली. लांब पल्ल्याच्या बहुतेक चालकांना पैसे मैलावर मिळतात. गोदामाच्या डॉकवर माल उतरण्याची वाट बघत चार तास गेले, तर त्या चार तासांत मैल शून्य. ओव्हरटाइमच्या केंद्रीय कायद्यातून हे चालक १९३८ पासूनच वगळलेले आहेत. त्यात भर म्हणजे कामावर आल्यापासून १४ तासांच्या आतच ११ तास गाडी चालवायची मुभा असते आणि डॉकवरची प्रतीक्षा त्या १४ तासांतूनच वजा होते. डिसेंबर २०१७ पासून या तासांची नोंद यंत्रावर होते, पूर्वीसारखी वहीत मागेपुढे करता येत नाही.

२०२१ मध्ये ट्रक कंपन्यांच्या संघटनेने देशात ८०,००० चालक कमी असल्याचं सांगितलं. त्याआधी, २०१९ मध्ये सरकारी कामगार नियतकालिकात आलेल्या अभ्यासाला अशी कायमची टंचाई दिसली नव्हती. मला तो अभ्यासच पटतो. पूर्ण ट्रकभर माल नेणाऱ्या मोठ्या कंपन्यांत चालक सोडून जाण्याचं वार्षिक प्रमाण अनेक वर्षं ९० टक्क्यांच्या वर राहिलं आहे. माणसं येतात, पण टिकत नाहीत. भरतीच्या जाहिराती अखंड चालतात त्या म्हणून.

या जागा अलीकडे मोठ्या प्रमाणावर पंजाबी स्थलांतरितांनी भरल्या. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला ग्रीनवुडच्या परिसरात त्यांची मोठी वस्ती आहे आणि कित्येकांचे स्वतःचे ट्रक आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये संघटित चालकांची एक जुनी, मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि देशभरात सुमारे ३०,००० नोकऱ्या बुडाल्या. जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी कमी पडलं तर चालकाला तिथेच गाडी थांबवायला लावतात.