सक्युलंट भिंत

उथळ पेटीत माती भरायची, तोंडाला जाळी मारायची, जाळीतून गुबगुबीत पानांची झाडं लावायची आणि ती पेटी भिंतीला उभी टांगायची, याला सक्युलंट भिंत म्हणतात. पंप-पाइप नसलेलं हे छोटं व्हर्टिकल गार्डनच. कोकणात ओटी, पडवी, होमस्टेची दर्शनी भिंत, फ्लॅटची गॅलरी अशा ठिकाणी ही दिसते.

उगम सांगताना बरेच जण थेट बाबिलोनच्या झुलत्या बागांपर्यंत जातात, ते जरा ओढूनताणूनच आहे. त्या बागा बाबिलोनचा राजा नेबुकॅडनेझर याच्या (इ.स.पू. सहावं शतक) की, ब्रिटिश अभ्यासक स्टेफनी डॅली म्हणतात तशा, निनेव्हे शहरात असीरियाचा राजा सेनाखेरिबने साधारण इ.स.पू. 700 च्या आसपास केलेल्या, यावरच एकमत नाही, आणि कुणाच्याही असल्या तरी वर्णनं एकावर एक चढत्या गच्च्यांची आहेत, उभ्या भिंतीची नाहीत. त्यापेक्षा इलिनॉय विद्यापीठातल्या स्टॅन्ली हार्ट व्हाइट यांच्या, उभ्या रचनेवर झाडं वाढवायच्या 1938 च्या पेटंटपासून सुरुवात धरलेली बरी. नाव जास्त झालं ते फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लांक यांचं, पॅरिसच्या विज्ञान संग्रहालयातल्या 1986 च्या भिंतीमुळे, पण त्यांच्या भिंतीत माती नसते, फेल्टवरून (जाड, नमद्यासारख्या कापडावरून) सारखं पाणी सोडतात, म्हणजे आपली मातीची पेटी तिची सख्खी नाही, चुलत बहीण.

ही झाडं कमी पाण्यात जगतात कारण पानांची छिद्रं रात्री उघडतात, तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा छिद्रं मिटून वापरतात. याच्या शोधाचं श्रेय कुणाचं यावर थोडा घोळ आहे. स्विस शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी 1804 मध्येच निवडुंगावर वायूंचे प्रयोग केले होते, पण पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारपर्यंत बेचव लागतं हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाईन यांनी भारतात असताना स्वतः चाखून 1813 मध्ये कळवलं, त्यामुळे आम्लाच्या रोजच्या चढउताराचा मान हाईनना देणं जास्त पटतं. (पानफुटी परसात कुठेही उगवते म्हणून ती इथलीच वाटते, मूळची मादागास्करची.)

किनाऱ्यावर अडचण इथेच येते. रात्र गार असली की हे काम नीट चालतं, आपल्याकडे पावसाळ्यात रात्रीही उकाडा आणि दमट हवा, म्हणून मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली एचेव्हेरिया नर्सरीत कितीही गोजिरी दिसली तरी श्रावण यायच्या आत तिचा देठ मऊ पडतो. स्नेक प्लांटच्या बुटक्या जाती, हॉवर्थिया, छोट्या पानांचं जेड, पानफुटी हे टिकतात. स्नेक प्लांट शास्त्रीय नावात आता सान्सेव्हिएरिया नसून ड्रसीना धरतात, जनुकीय अभ्यासामुळे, पण नर्सरीवाल्याला त्याचं काही नाही.

पेटी 3-4 इंच खोल, तळाला भोकं. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) थोडंच, बाकी बारीक खडी, कोळशाचा चुरा आणि नदीची धुतलेली वाळू, किनाऱ्यावरची नको, तिच्यात मीठ असतं. फांद्या कापून दोन-चार दिवस सावलीत सुकवायच्या, मग लावायच्या, आणि पेटी महिनाभर आडवीच ठेवायची, मुळं धरायच्या आधी उभी केली तर माती जाळीतून खाली येते. वरची माती आधी सुकते आणि पाणी खाली उतरतं, म्हणून जेड वर आणि हॉवर्थिया खालच्या ओळीत.

2 फूट बाय 1 फुटाची पेटी ओली झाली की वीस-पंचवीस किलोपर्यंत भरू शकते. चिऱ्याच्या भिंतीत नुसता खिळा ठोकला तर जांभा भुगा होऊन सुटतो, लांब अँकर घालून आधी आडवी पट्टी बसवावी, पेटी तिच्यावर, मागे इंचभर फट, नाहीतर चिरा पाणी पीत राहतो आणि भिंतीला शेवाळ धरतं. स्क्रू 316 ग्रेडचे स्टेनलेस घ्यावेत. 304 सुद्धा स्टेनलेसच, पण 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेतल्या क्लोराइडला ते जास्त दाद देत नाही, साधे खिळे तर एका पावसात तपकिरी ओघळ सोडतात.

जागा उन्हापेक्षा पावसावरून ठरवावी. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये आणि नैऋत्येकडून तिरका, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत सोडून पूर्वेची घ्यावी, सकाळचं ऊनही मिळतं. नुसती वळचण पुरत नाही, पागोळ्या नेमक्या पेटीवर पडतात. मिरगाच्या आधी, आगोटीची बाकी कामं चालू असतानाच, पेटी पडवीत आत घ्यावी आणि पाणी जवळजवळ बंद करावं. नवरात्रानंतर परत बाहेर, मग आठ-दहा दिवसांनी पाणी, मे मध्ये थोडं लवकर.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, मुंग्या दिसल्या तरी तोच शोधायचा, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने पुसावा. खत जवळपास लागत नाही.